हँडसमची मूठ

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, "हँडसम कुठे बसतो?" समोरचा न हसता कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवेल. त्या नावातला विनोद केव्हाच विटून गेलाय. नवीन माणूस मात्र दुकानात डोकावतो आणि दारातच घुटमळतो. आत साठी ओलांडलेला एक माणूस बसलेला असतो. जबडा एका बाजूला सरकलेला, डावी भुवई अर्धीच, ओठांचा एक कोपरा कायम खाली ओढलेला. तरुणपणी लाकूड कातायच्या लेथचा पट्टा तुटून तोंडावर बसला, त्याची ही खूण. दवाखान्यातून ते घरी आले त्याच आठवड्यात कुणा टवाळाने हे नाव ठेवलं. आमच्या गल्लीची विनोदबुद्धी ही एवढीच.

मी त्यांना मिस्त्री म्हणते. ते मला बाई म्हणतात, कारण मुलींच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि अख्ख्या गल्लीची मी बाई झाले. मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहते, एकटी. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. पायाखाली दिवसभर लेथ घरघरत असेल तर देवमाणसाच्याही नाकावर येईल. पहिली काही वर्षं मी मिस्त्रींशी फक्त भांडले. लेथच्या आवाजावरून, जिन्यात उडणाऱ्या भुशावरून, दाराशी रचलेल्या लाकडांवरून. ते म्हणायचे, "बरं, बाई," आणि लेथ बंद करायचे. भांडणाला दुसऱ्या बाजूनेही थोडा हातभार लागतो. तो यांच्याकडून कधी लागला नाही, म्हणून शेवटी मीच कंटाळले.

मिस्त्री मुठी आणि दांडे करतात. हत्यार करत नाहीत, धार लावत नाहीत, विकत काही नाही. सुरीची मूठ, हातोड्याचा दांडा, गवंड्याची थापी, माळ्याची कात्री, म्हाताऱ्यांच्या काठ्या. हाताला बोचणारी, निसटणारी, फोड आणणारी वस्तू घेऊन माणूस त्यांच्याकडे येतो. ते वस्तूकडे बघतही नाहीत. आधी म्हणतात, "हात द्या." मग समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि डोळे मिटतात. अंगठ्याखालचा उंच भाग दाबून बघतात, बोटांची पेरं एकेक करून चाचपतात, आपली दोन बोटं त्या मुठीत देऊन म्हणतात, "आवळा. हत्यार आहे समजा." फूटपट्टी नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. बराच वेळ हे चालतं. शेवटी ते "हं" म्हणतात आणि हात सोडतात. पुढच्या आठवड्यात मूठ तयार असते आणि ती अशी बसते की माणूस वस्तू खाली ठेवायला तयार होत नाही.

माझी भाजी चिरायची सुरी त्यांनी अशीच केली. तेव्हाचं मला नीट आठवतं. माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता, कितीतरी वर्षांत, आणि मला उगीचच संताप आला. मी म्हटलं, "झालं का?" ते म्हणाले, "हं." हात सोडल्यावर मी तो पदराला पुसला. त्याला काही लागलेलं नव्हतं.

या धंद्याची एक गंमत आहे. चपला झिजतात म्हणून माणूस पुन्हा चपलांच्या दुकानात जातो. कपडे तोकडे होतात म्हणून शिंप्याकडे जातो. मिस्त्रींची मूठ झिजत नाही, सैल होत नाही, खुपत नाही. एकदा बसली की त्या माणसाला या दुकानाची पायरी पुन्हा चढायचं कारणच उरत नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, थोडं वाईट काम करा. चार माणसं तरी येतील परत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरी शिकवत होते. "परत आला म्हणजे माझं चुकलं, बाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा हात धरला की मी विसरत नाही. तो पुन्हा धरावा लागत नाही." हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मीही मान डोलावली. त्या वाक्यात काय भरलंय ते तेव्हा मला कळायला हवं होतं असं नाही, पण आता कळतं.

मी इथे राहायला आले तेव्हा त्यांची बायको होती. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. लहानखुरी बाई, कमी बोलणारी, पण चेहऱ्यावर नेहमी "ठीक आहे, चालेल" असा भाव. पाण्याला वेळेवर दाब नसला तरी चालेल, माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या कपड्यांवर गळलं तरी चालेल. तक्रार करायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. गल्लीतलं ते नाव मात्र तिला चालत नसे. एकदा कुणी दारात येऊन "हँडसम आहे का?" म्हणून ओरडला, तेव्हा ती आतून आली, "त्यांना नाव आहे," म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचा चढलेला आवाज मी ऐकला तो तेवढाच.

एकदा ती तापाने झोपली होती, म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेले. तिथे मी चक्रावले. सुरीची मूठ, कढईचा कान, पळी, इस्त्री, बादलीची कडी, कपाटाचा खटका, सगळं तिच्या हाताच्या मापाचं. मी पळी धरली तर ती माझ्या हातात फिरली, जणू मालकीण ओळखत होती. मला वाटलं, काय भाग्यवान बाई आहे. मी घरी येऊन माझ्या भांड्यांकडे रागाने बघितलं.

त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. म्हणजे बहिणीकडे राहायला गेली, एक पिशवी घेऊन, आणि परत आली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. मला खालून काही ऐकू आलं असतं तर मीच पहिली धावले असते, माझे कान तिखट आहेत. मी मिस्त्रींना विचारलं, "का गेली?"

"काही बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत का?"

ते लाकडाच्या तुकड्यावरून हात फिरवत राहिले. विचारलं नव्हतं, हे उघड होतं. असले पुरुष मी खूप पाहिलेत, माझ्या वडिलांपासून. तरी मला त्यांची कीव आली. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना भाजी चिरताना पाहिलं. सुरी तिचीच होती. तिच्या छोट्या हाताची ती मूठ त्यांच्या पंजात हरवून जायची, कांदा तिरका कापला जायचा. सगळ्या गावाच्या मुठी करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एक केली नाही.

एका दुपारी वीज गेली. लेथ गप्प झाला. ती शांतता साजरी करायला मी खाली गेले आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. मिस्त्री कानशीने काहीतरी घासत होते. मध्येच म्हणाले, "बाई, तुम्ही इंग्रजीच्या. या हँडसमचा खरा अर्थ काय हो?"

"देखणा," माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

"ते मला आरसा रोज सांगतो," ते म्हणाले. "शब्द आला कुठून ते विचारतोय."

मला कुणी शब्दाचं मूळ विचारलं की माझा राग पळून जातो. मी वर गेले, जाडजूड शब्दकोश काखेत मारून खाली आले आणि शाळेत सांगायचे तसं सांगितलं. या शब्दातला पहिला भाग म्हणजे आपला साधा हात. शेवटचा 'सम' म्हणजे त्या गुणाचा. सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द माणसांसाठी नव्हताच. हाताळायला सोपं, हाताशी असलेलं, असा त्याचा अर्थ होता. मग सोयीचं, योग्य असा झाला. मग भरघोस, चांगल्या मापाचं. अजूनही मोठ्या रकमेला इंग्रजीत हँडसम म्हणतात. आणि त्याच सुमाराला कधीतरी तो माणसाच्या रूपाला चिकटला.

मिस्त्रींची कानस थांबली होती. "म्हणजे हातात बसणारं?"

"तसंच काहीसं."

"म्हणजे आधी मूठ, मग थोबाड."

"अगदी तसंच, मिस्त्री."

ते हसले. त्या जबड्यावर हसू आलं की रडू आल्यासारखं दिसतं, म्हणून बहुधा ते कुणासमोर हसत नसावेत. मीही हसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. "हे तिला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तिला ते नाव फार लागायचं."

मी पुस्तक मिटलं. असाच शेवट असलेला आणखी एक शब्द माझ्या मनात आला होता. लोन्सम. एकट्या पडलेल्या माणसाचा. तो मी त्यांना सांगितला नाही. तेवढ्यात वीज आली आणि लेथ सुरू झाला, आणि त्या दिवशी मी आवाजावरून भांडले नाही.

यानंतर काही महिन्यांनी त्यांची मेहुणी आली. धिप्पाड, मोकळ्या तोंडाची बाई. हातात एक काठी होती, बाजारात मिळते तशी, प्लास्टिकच्या मुठीची. मी दाराशीच भाजीवालीशी हुज्जत घालत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"भावोजी, ताईच्या हाताचे सांधे आखडलेत. गुडघेही गेलेत. काठीशिवाय चालता येत नाही आणि ही मेली काठी हातात राहत नाही. बाथरूमच्या दारात दोनदा पडली. डॉक्टर म्हणाले, आता पडली तर उठायची नाही. दुसऱ्या कुणाकडे नेणार? म्हणून आले."

मिस्त्रींनी काठी घेतली. "ठेवून जा."

"हात बघायला नको का? मी घेऊन येते तिला, रिक्षाने."

"तिचा हात मला माहीत आहे," ते म्हणाले. मघाशी सांगितला तोच अभिमान.

त्या आठवड्यात मी त्यांना काम करताना पाहिलं, आणि आजवर पाहिलं नव्हतं असं पाहिलं. ते गुणगुणत होते. लाकूड तीनदा बदललं. मूठ तयार झाली ती इतकी देखणी की मी, जिला कशाचंच कौतुक करता येत नाही, तीसुद्धा "वा" म्हणाले. मेहुणी आली, काठी घेऊन गेली. मिस्त्रींनी त्या दिवशी दाढी केली होती.

चार दिवसांनी मेहुणी परत आली. काठी तिच्याच हातात होती.

"भावोजी, बसत नाही हो. बोटं मिटतच नाहीत तिची त्यावर. ती आपली चालेल, चालेल म्हणतेय, पण काल पुन्हा तोल गेला. मी मागे होते म्हणून वाचली. मीच हिसकावून आणली काठी."

मिस्त्री मुठीकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी परत आलं होतं. "मूठ बरोबर आहे," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "हात तसाच आहे."

"तसाच कसा असेल?" मेहुणीचा आवाज चढला. "इतकी वर्षं झाली. माणूस तसाच राहतो का? तुम्ही काय हात कुलूप लावून ठेवला होता?"

ती काठी तिथेच ठेवून गेली. मिस्त्री संध्याकाळपर्यंत त्या मुठीसमोर बसून होते. लेथ चालू नव्हता, मला खाली काय चाललंय ते कळेना, म्हणून मी दोनदा निमित्त काढून जिन्यात आले. दुसऱ्या वेळी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. इतक्या वर्षांत ते माझ्याकडे वर कधी आले नव्हते, आताही येत नव्हते, खालूनच म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर याल का? एकट्याने जायला जमणार नाही."

आम्ही बसने गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कॉलरला घडीची रेघ तशीच होती. मेहुणीचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मिस्त्रींची बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मी तिला ओळखलं ते त्या "ठीक आहे, चालेल" वाल्या भावामुळे, बाकी काही उरलं नव्हतं. केस पांढरे, खांदे आत गेलेले, आणि मांडीवर उजवा हात. पेरांना गाठी आलेल्या, बोटं सगळी एका बाजूला कललेली.

"बसा," ती म्हणाली. ते उभेच राहिले.

"हात दे," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला म्हणतात तसंच म्हणायला गेले असावेत, पण 'द्या'चं 'दे' झालं.

तिने हात पुढे केला. ते तिच्यासमोर लादीवर बसले, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. खाली एक माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता, थांबवत होता, पुन्हा फिरवत होता. एखाद्या गवंड्याचा हात बघायला त्यांना लागतो तेवढा वेळ झाला. त्याच्या दुप्पट झाला. सायकलवाला चाक बसवून निघूनही गेला. मेहुणी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"दुखतं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"मिटते का मूठ?"

"थोडी."

त्यांनी पेरं पुन्हा पहिल्यापासून चाचपली. शेवटी तिनेच विचारलं, "झालं का?" मी विचारलं होतं तेच शब्द, पण माझ्यासारखे चिडून नव्हते.

"नाही," ते म्हणाले. आणि आणखी बराच वेळ त्यांनी तो हात सोडला नाही. परत येताना बसमध्ये त्यांनी दांडीला धरलं नाही. दोन्ही तळवे मांडीवर उपडे न ठेवता उताणे ठेवून बसले होते, ओंजळीत पाणी असल्यासारखे. ब्रेक लागला की मीच त्यांच्या दंडाला धरत होते.

नवी मूठ करायला वेळ लागला. मी रोज खाली जाऊन बघत होते, आता आम्हाला निमित्त लागत नव्हतं. यावेळी ते गुणगुणत नव्हते. लाकूड वाकड्या बोटांना सावरून घेईल असं घडत होतं, रुंद, एका अंगाला कललेलं, दिसायला काहीच्या काही. काम संपलं असं ते म्हणाले तेव्हा मी मूठ हातात घेतली. माझ्या हातात ती बसणार नव्हतीच, पण अंगठ्याच्या खाली मला काहीतरी लागलं. बोट फिरवून पाहिलं. बारीकसा उंचवटा.

"मिस्त्री, इथे राहिलंय."

"हं."

"पॉलिशपेपर फिरवा की. खुपेल तिला."

"खुपेल," ते म्हणाले. "निसटणार नाही. त्यावर सगळा भार टाकला तरी ती पडणार नाही, ते मी तीन-तीनदा बघितलंय. पण खुपेल."

त्यांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली आणि भिंतीला टेकवली.

"परत आली म्हणजे चुकलं, एवढंच ना?" ते म्हणाले. "चुकू दे एकदा."

जन्मभर मी लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या. त्या दिवशी मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

मेहुणी काठी घेऊन गेली आणि मिस्त्रींनी दुकान आवरायला घेतलं. भुसा पोत्यात भरला. दाराशी रचलेली लाकडं, ज्यांवरून मी इतकी वर्षं कंठशोष केला होता, एका सकाळी निमूटपणे मागे गेली. स्टुलाच्या जागी हात टेकायला दांड्या असलेली एक खुर्ची आली. पायरीपाशी चौकटीला त्यांनी एक कडी बसवली. मी येता-जाता ती धरून बघितली आणि ती माझ्या हातात बसली नाही, तेव्हा मला कळलं कुणासाठी आहे. रिक्षा थांबली की त्यांची कानस थांबायची.

मेहुणी आली ती एकटी आली, बाजाराच्या पिशव्या घेऊन, जाता जाता. "भावोजी, एकदम बरोबर झाली म्हणाली ताई. काही करायला नको म्हणाली. आता घरभर फिरते, बघा."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

ती गेली. त्या दिवशी लेथ लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतकी वर्षं जी शांतता मी मागत होते ती फुकटात मिळाली आणि मला घरात बसवेना. मी पलंगावर पडायचे, पायाखाली काही घरघरत नसायचं, आणि माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही हे मला त्या घरघरीशिवाय नव्याने कळत होतं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं तडकलं. मी चपला घातल्या आणि बस पकडली.

ती त्याच खुर्चीत होती, काठी गुडघ्याला टेकवलेली. मी पाणीही न घेता म्हटलं, "हात दाखवा."

तिने न विचारता तळहात पुढे केला. अंगठ्याखाली कातडी लाल होऊन कडक व्हायला लागली होती.

"खुपते ना?"

"खुपते."

"मग बरोबर आहे म्हणून निरोप का पाठवलात? इथेसुद्धा चालेल, चालेल? अहो, त्यांनी ती मुद्दाम तशी ठेवलीय! तुम्ही परत यावं म्हणून! दाराला कडी बसवलीय, खुर्ची आणलीय, दारातली लाकडं हलवली त्या माणसाने!"

मला वाटलं ती चकित होईल. ती मुठीवरून हात फिरवत होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "त्यांची मूठ अशी चुकत नाही, बाई. चुकली तर चुकवलेली असते."

मी खुर्ची ओढून बसले. मग तीच बोलायला लागली, एका संथ आवाजात, बाहेर बघत.

"मी आतल्या दारातून बघायचे. गवंडी यायचा, त्याचा हात धरायचे. माळी यायचा, स्वयंपाकी यायचा. डोळे मिटून, केवढा वेळ. माझा धरला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात. मग घरातल्या प्रत्येक वस्तूला माझी मूठ लागली. मला म्हणाले, आता तुझा हात मला पाठ झाला. कौतुकाने म्हणाले हो. आणि पाठ झाला म्हणून पुन्हा कधी धरला नाही."

"सांगायचं नाही का त्यांना?"

"काय सांगायचं? हात धरा म्हणून मागायचा असतो का?"

हे तिला सांगायला हवं होतं, असं मिस्त्री म्हणाले होते ते मला आठवलं. मी त्या शब्दाची गोष्ट सांगितली. हातात बसणारं, हाताशी असलेलं, सोयीचं, आणि सगळ्यात शेवटी देखणं. तिने ऐकलं. तिचे ओठ हलले, बहुधा तो शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारून पाहिला.

"मग गल्ली खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली. "हाताशी होतेच की ते. भिंतीपलीकडे, रोज."

"मग चला ना आता. मी रिक्षा आणते. दोन मिनिटांचं काम आहे."

"तेच तर." तिने काठी जवळ ओढून घेतली, मी हिसकावून नेईन अशी भीती वाटल्यासारखी. "दोन मिनिटांत ते घासून टाकतील. मग ती अशी बसेल की मी मरेपर्यंत पुन्हा काही करावं लागणार नाही. त्यांचं काम मला माहीत आहे. त्यांचं संपेल आणि माझंही संपेल. हे खुपतंय तोवर जायचं बाकी आहे, बाई. तेवढं राहू द्या मला."

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "त्यांना सांगायचं तर सांगा. मी काही लपवत नाही."

त्या दोघांचाही मला इतका राग आला की बसमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांच्याही डोक्यात भुसा भरलाय, असं मी मनात म्हणत होते, आणि उजव्या हाताने डावा हात घट्ट धरून बसले होते.

मिस्त्री दुकानात होते. त्या हात टेकायच्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं, ते स्वतः खाली लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. मी कुठून आले हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "मूठ?"

"खुपते म्हणाली," मी सांगितलं.

त्यांच्या हातातलं काम थांबलं. "कुठे?"

"अंगठ्याखाली."

त्यांनी आपला उजवा तळवा उघडला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने त्या जागेवर दाबलं. बराच वेळ दाबून धरलं, डोळे मिटून.

"हं," ते म्हणाले. "तिथेच ठेवलं होतं."

मग त्यांनी उठून लेथ चालू केला. मी वर आले आणि दार उघडंच ठेवलं.